गिऱ्हाइकाची गाडी आणि जपायची गाडी

मोटार दुरुस्तीच्या जुन्या गॅरेजात दोन प्रकारच्या गाड्या उभ्या असतात. पहिलीच्या मालकाला घाई असते. संध्याकाळपर्यंत क्लच बसला नाही, तर दुसऱ्या दिवशीची भाड्याची फेरी बुडते. दुसरीच्या मालकाला घाई नसते, आणि बऱ्याचदा तिचा मालक खुद्द मिस्त्रीच असतो. चाके काढून तिला ठोकळ्यांवर ठेवलेले असते, इंजिनाचे हेड उतरवलेले असते, वर ताडपत्री असते. ती एखादी जुनी जीप असते, नाहीतर मॅटाडोर. पहिलीवर मिस्त्रीचे घर चालते, दुसरीवर त्याचा जीव असतो. या दोघींना एकाच छपराखाली, त्याच दोन हातांनी कसे सांभाळायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: जपायची गाडी उरलेल्या वेळात कधीच पूर्ण होत नाही, कारण चालत्या गॅरेजात वेळ उरत नाही. तिला लहानसा, पण ठरलेला आणि न मोडणारा वाटा द्यावा लागतो. तो वाटा हौसेच्या खात्यात न मांडता हुन्नर शिकण्याच्या आणि शिकवण्याच्या खर्चात मांडला, तर गॅरेजही तगते आणि गाडीही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलच्या जिल्ह्यांत या हिशोबाची गरज मोठ्या शहरांहून जास्त आहे.

आधी हे पाहू, की जुनी व्हॅन जपण्यासारखी का आहे. महाराष्ट्राच्या रस्त्यांवरची कष्टाची वाहने बरीचशी महाराष्ट्रातच घडली. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढच्या अनेक दशकांत त्या जीपची भावंडे वनखात्यापासून काळी-पिवळी प्रवासी वाहतुकीपर्यंत सगळीकडे पोचली. न. के. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. हँबुर्गच्या विडाल अँड झोन या कंपनीशी करार होता आणि त्यातून तीनचाकी हॅन्सिएट आली. १९६९ च्या सुमारास पुण्याजवळच्या आकुर्डीतून मॅटाडोर बाहेर पडू लागली. तिला आधी हानोमागचे डिझेल इंजिन होते, ऐंशीच्या दशकात मर्सिडीजचे ओएम ६१६ आले. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. या मॅटाडोरने लग्नाची वऱ्हाडे नेली, दुधाचे कॅन नेले, भाजीपाला बाजारात नेला, आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानकापणी झाली की नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्र जागवून गावोगाव प्रयोग करतात, त्या फिरतीचा भारही अशाच गाड्यांनी वाहिला. मोटारींच्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइसला जागा मिळते, कारण ती कापडाखाली झाकून ठेवलेली असते. मॅटाडोर मात्र शेवटच्या किलोमीटरपर्यंत राबवली गेली आणि मग भंगारात गेली. म्हणून एकेकाळी गावोगाव दिसणारी ही गाडी आज चांगल्या अवस्थेत सापडणे कठीण झाले आहे.

कायद्यानेही तिच्याकडे पाठच फिरवली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती चालवायची. हे सगळे समजण्यासारखे आहे. अडचण आहे ती वर्गवारीत. ही तरतूद दुचाकींना आणि एम-१ वर्गातल्या चारचाकींना, म्हणजे चालकाशिवाय जास्तीत जास्त आठ आसनांच्या प्रवासी गाड्यांना लागू आहे. बारा-पंधरा माणसांची मॅटाडोर, मालवाहू टेम्पो, तीनचाकी हॅन्सिएट, एसटीची जुनी बस ही सगळी कष्टकरी वाहने व्याख्येबाहेर राहतात. ज्यांनी राज्याचा गाडा ओढला, त्यांना वारसा म्हणून नोंदवायला रकाना नाही. मग त्यांना जपण्याचे काम येते खासगी माणसावर, आणि तो माणूस बहुधा गॅरेजवालाच असतो, कारण ते काम करण्याची अक्कल आणि अवजारे दोन्ही त्याच्याकडे असतात.

आता या भागाची रचना लक्षात घेऊ. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. रेल्वेच्या बाबतीत या जिल्ह्याची सगळी भिस्त वर्षानुवर्षे वडशावर राहिली. सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. चंद्रपूरच्या बाजूला कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी आणि औष्णिक वीज केंद्र आहे. गडचिरोलीत आता सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक आहे. त्यामुळे रस्त्यावर एकीकडे अवजड टिप्पर, दुसरीकडे प्रवासी जीपगाड्या, ट्रॅक्टर आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी असतात. मोठे सुटे भाग नागपूरहून येतात. रस्ता बंद असेल किंवा भाग शिल्लक नसेल, तर मिस्त्रीला आहे त्यातून गाडी चालती करावी लागते. पुण्यात भाग बदलून मोकळे होता येते. गडचिरोलीतल्या एटापल्लीत तोच भाग दुरुस्त करता आला पाहिजे. या एका फरकावर माझा पुढचा सगळा युक्तिवाद उभा आहे.

उरलेल्या वेळाचा भरवसा का धरू नये, हे साध्या आकड्यांतून दिसते. समजा, एका गॅरेजात दोन मिस्त्री आहेत, आठवड्याचे सहा दिवस आणि रोज नऊ तास काम चालते. आठवड्याला १०८ तास झाले. एका जुन्या व्हॅनचे पत्रा, इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि रंग असे पूर्ण काम हजार तासांचे धरू. रिकामा वेळ मिळेल तेव्हा हात लावायचा ठरवले, तर धानाच्या हंगामात, लग्नसराईत आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत महिनोन्महिने ताडपत्री उघडतच नाही. मधल्या काळात उघड्या बोअरला गंज धरतो, डब्यातले बोल्ट दुसऱ्या गाडीला लागतात, कोणती वायर कुठून काढली ते विसरते. पुन्हा सुरुवात करताना आधी झालेल्या कामातला काही भाग नव्याने करावा लागतो. हे भिजत घोंगडे वर्षानुवर्षे पडून राहते आणि शेवटी जागा अडते म्हणून भंगारवाल्याला बोलावले जाते. याउलट आठवड्याला आठ तास ठरवून दिले, तर १०८ पैकी ते साडेसात टक्क्यांहूनही कमी आहेत. वर्षातले अठ्ठेचाळीस आठवडे धरले तरी ३८४ तास होतात आणि हजार तासांचे काम पावणेतीन वर्षांच्या आत उरकते. धान पिकवणारा शेतकरी वाईट वर्षातही बियाण्याची पोती आधी बाजूला काढतो आणि मग खाण्याचा हिशोब करतो. गॅरेजवाल्याने हे आठ तास त्याच रीतीने आधी बाजूला काढायला हवेत.

ते आठ तास कोणत्या कामाला द्यायचे, हे इथल्या ऋतूंनी ठरवून ठेवले आहे. पावसाळ्यात हवा दमट असते. अशा हवेत रंग मारला तर त्यावर पांढरट साय धरते आणि चमक मरते. उघडा केलेला पत्रा एक-दोन दिवसांतच लालसर होतो. चंद्रपुरात कोळशाची आणि राखेची धूळ ओल धरून बसते, त्यामुळे गंजाला आणखी बळ मिळते. म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत जुना रंग खरवडू नये. तो काळ छपराखालच्या यांत्रिक कामाचा आहे. इंजिन उतरवावे, लायनर आणि रिंगा मोजाव्यात, व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत, फ्युएल पंप आणि नोझल तपासून घ्यावेत, गिअरबॉक्स उघडावा. या महिन्यांत गिऱ्हाइकी कामही काही ठिकाणी सैल असते. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, त्यामुळे जिप्सींची रोजची धावपळ कमी होते आणि त्यांची मोठी कामे याच वेळी काढता येतात. एकाच प्रकारची कामे शेजारी शेजारी चालली, की खरादवाल्याकडची आणि पंपवाल्याकडची फेरी एकदाच पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा उलट त्रास होतो. थिनर फार लवकर उडतो आणि रंगाचा पृष्ठभाग खरखरीत राहतो. पत्रा कापणे, नवा पत्रा जोडणे, रेड ऑक्साइड, पुट्टी आणि रंग या कामांना नोव्हेंबर ते जानेवारी हीच कोरडी, थंड खिडकी सोयीची. पण नेमका तेव्हाच नाटकमंडळ्यांचा आणि धान वाहतुकीचा ताण असतो. म्हणून या तीन महिन्यांत आठ तासांचे चार झाले तरी चालतील, ते शून्य मात्र होऊ नयेत.

आता सर्वांत महत्त्वाची बाजू. हे तास गॅरेजला परत काय देतात? जुन्या डिझेल इंजिनात काहीही लपलेले नसते. ओएम ६१६ मध्ये इंधन आधी एका छोट्या पूर्वकक्षात पेटते, थंड इंजिनाला हीटर प्लग लागतात, पंप पूर्णपणे यांत्रिक असतो. शिकाऊ पोराला त्यावर कारण आणि परिणाम डोळ्यांनी दाखवता येतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे इंधन न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी शिरले आहे. टॅपेटचा गाळा चुकला तर आवाज कसा बदलतो, पाटे बसले तर गाडी कोणत्या बाजूला झुकते, ब्रेकच्या पाइपात हवा राहिली तर पेडल कसे लागते, हे सगळे इथे घाई न करता समजावता येते. गिऱ्हाइकाच्या गाडीवर हे शिकवता येत नाही, कारण तिथे मालक बाहेर बाकावर बसलेला असतो आणि शिकाऊ हातून झालेली चूक त्याच्या खिशातून वसूल होते. जपायची गाडी ही चुकायला जागा देणारी एकमेव गाडी आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यातून बाहेर पडलेल्या मुलाला हात बसायला पुढे जे काम लागते, ते अशाच गाडीवर मिळते.

सुटे भाग मिळेनासे होणे ही काही फक्त मॅटाडोरची गोष्ट नाही. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१८ च्या अखेरीस तिचे नवे बुकिंग घेणे कंपनीने थांबवले. ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या दारांमधून पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सींवर कित्येक कुटुंबांचे पोट आहे. उत्पादन थांबलेल्या गाडीला चालते ठेवायचे, तर जुना भाग भरून घेणे, बुश घडवून घेणे, दुसऱ्या गाडीचा भाग मापाने जुळवणे हे कसब लागते. ज्या मिस्त्रीने पन्नास वर्षांच्या व्हॅनवर हे कसब कमावले आहे, त्याच्याकडे जिप्सीवाला आपोआप येतो. एसटी महामंडळाने हाच विचार मोठ्या प्रमाणावर केला आहे. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या त्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या बसच्या चॅसीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी बॉडी बांधण्यात आली. रोजची देखभाल विभागीय कार्यशाळा आणि आगारे करत राहिली, आणि पुनर्बांधणीला वेगळी जागा, वेगळी माणसे आणि वेगळे वेळापत्रक मिळाले. दोन्ही कामे एकमेकांत मिसळली नाहीत, म्हणून दोन्ही झाली. लहान गॅरेजला वेगळी इमारत परवडणार नाही. वेगळा कोपरा, वेगळा वार आणि वेगळी वही मात्र परवडते.

पहिला आक्षेप पैशाचा आहे आणि तो हलका नाही. ज्याचे हातावर पोट आहे, त्याला आठवड्याचे आठ तास फुकट घालवायला सांगणे अन्यायाचे नाही का? यावर माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की पुनर्स्थापित व्हॅन विकून मजुरी वसूल होईल, अशी आशा धरूच नये. तासांची खरी मजुरी धरली तर बहुतेक व्हॅनचा खर्च तिच्या बाजारभावाच्या पुढे जातो. जो गुंतवणूक म्हणून उतरतो तो निराश होतो आणि गाडी अर्धवट सोडतो. दुसरा भाग असा, की खर्चाला मर्यादा घालता येते. गिऱ्हाइकी मजुरीच्या दर शंभर रुपयांतले पाच रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत आणि जपायच्या गाडीचे सामान फक्त त्यातून घ्यावे. डबा रिकामा असेल त्या आठवड्यात पैसे न लागणारे काम करावे: घासणे, मोजणे, खुणेच्या चिठ्ठ्या बांधणे, फोटो काढून ठेवणे. गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेली रक्कम आणि पेटीतले त्याच्यासाठी आणलेले सामान या गाडीला कधीही लागता कामा नये. गॅरेज बुडते ते जुन्या गाडीच्या खर्चाने नव्हे, दोन वह्या एक झाल्याने. ज्याचे घर आजच्या मजुरीवर आजच चालते, त्याने हे काम हाती घेऊ नये, हे मी स्पष्ट म्हणतो. पण दोन माणसांना काम देणाऱ्या गॅरेजला साडेसात टक्के वेळ शिकवणीवर घालवणे जड जात नाही. उलट, शिकलेला दुसरा हात नसल्यामुळे परत पाठवलेली कामे त्याहून महाग पडतात.

गाडी दुसऱ्याची असेल, तर हिशोबाबरोबर कागदही लागतो. १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत मिस्त्री आणि मालक दोघांच्याही बाजूने उभा आहे. कलम १५१ प्रमाणे सोपवलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणे हे ती ठेवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. कलम १७० प्रमाणे, उलट करार नसेल तर, ज्याने त्या वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च केले आहे, त्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखून धरता येते. तरीही वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामात केवळ कायद्यावर विसंबणे बरे नाही. गाडी आली तेव्हा तिच्यावर कोणकोणते भाग होते, काम कोणत्या टप्प्यांत होणार, प्रत्येक टप्प्याचे पैसे केव्हा मिळणार आणि पैसे थांबले तर गाडी कुठे ठेवायची, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या असाव्यात. इथल्या गावांत व्यवहार शब्दावर चालतात, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण तीन वर्षांनी तो शब्द दोघांना दोन तऱ्हांनी आठवतो, म्हणून कागद मैत्री टिकवतो.

दुसरा आक्षेप असा, की आता गाड्याच बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. कॉमन रेल, सेन्सर, धुरातली काजळी गाळणारे डीपीएफ, मोठ्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे ॲडब्लू आले. मग यांत्रिक पंप उघडायला शिकून काय मिळणार? नव्या ज्ञानाची गरज मान्यच आहे. स्कॅनर नसलेले गॅरेज पुढे टिकणार नाही, आणि त्याच्या खरेदीला जुन्या गाडीआधी मान मिळाला पाहिजे. पण स्कॅनर दोषाचा पत्ता सांगतो, कारण सांगत नाही. रेलमधला दाब कमी असल्याचा कोड आला, तर फिल्टर तुंबलेला असू शकतो, शोषणाच्या नळीतून हवा शिरत असू शकते, पंप झिजलेला असू शकतो, इंजेक्टर मागे गळत असू शकतो किंवा सेन्सरच खोटे बोलत असू शकतो. टाकीपासून नोझलपर्यंतचा इंधनाचा प्रवास ज्याच्या डोक्यात पक्का आहे, तो स्वस्त शक्यता आधी तपासतो. ज्याच्या डोक्यात तो नाही, तो महागडा इंजेक्टर बदलून मोकळा होतो आणि गाडी आठवड्याने परत येते. तो प्रवास उघडा करून दाखवायला जुन्या इंजिनाइतके चांगले साधन नाही. दोन पिढ्यांच्या यंत्रांत दाबाचे आकडे बदलले, पण इंधन, हवा आणि उष्णतेचे नियम बदललेले नाहीत.

तिसरा आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि चंद्रपुरात त्याला विशेष वजन आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांची प्रदूषण क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. अशा शहरात धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या आणखी कशाला? रोजच्या धंद्यासाठी चालणारी जुनी डिझेल गाडी शहराबाहेर गेली पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी थांबली. सैन्य, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी लागणारी विशेष वाहने त्यातून वगळली आहेत. बाकी सरकारी वाहनांबाबतचा निर्णय योग्यच आहे. पण जपलेली गाडी आणि राबणारी जुनी गाडी यांत गल्लत करू नये. विंटेज नियमाने वापरावर घातलेल्या मर्यादा कष्टकरी व्हॅनलाही लावल्या, तर ती वर्षाकाठी फार थोडे किलोमीटर चालेल आणि तिचा धूर टिप्परच्या एका फेरीपुढेही नगण्य ठरेल. म्हणून मागणी अशी असावी, की वर्गवारी रुंद करा आणि वापराची बंधने तशीच ठेवा. फिवा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना तीस वर्षांपुढच्या वाहनाला ऐतिहासिक मानते. आपण पन्नासच ठेवू, हरकत नाही. पण त्या पन्नासांत रुग्णवाहिका झालेली मॅटाडोरही बसली पाहिजे.

चौथा प्रश्न खुद्द काम करणाऱ्यांमधला आहे: मूळ भाग मिळत नाही, तेव्हा जुगाड चालेल का? क्यूबामध्ये साठच्या दशकात अमेरिकेने व्यापारबंदी घातल्यावर पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी गाड्या परक्या इंजिनांवर आणि हाताने घडवलेल्या भागांवर टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. त्या जुगाडाने पोटे भरली आणि गाड्याही वाचवल्या, पण त्यांपैकी अनेकींच्या पोटात मूळचे फारसे उरले नाही. फिवाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीनची सनद याबाबत उपयोगी मार्ग दाखवते: हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा, जे बदलले त्याची नोंद असावी, आणि नवा भाग जुन्यापासून ओळखता यावा. आपल्या मिस्त्रीला हे अवघड नाही. काढलेला भाग फेकू नये, त्याला चिठ्ठी लावून ठेवावा. बदललेल्या भागाची वहीत तारीख लिहावी. आत घालायच्या पत्र्यावर खूण करावी. फक्त ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि इंधनाच्या नळ्या या चार ठिकाणी मूळपणाचा हट्टही नको आणि जुगाडही नको. तिथे नवा, खात्रीचा, मापाचा भागच बसला पाहिजे, कारण तिथल्या चुकीची किंमत गाडी नव्हे, माणूस देतो.

हे सगळे एकत्र पाहिले की निर्णय सरळ आहे. गिऱ्हाइकाचे काम पहिले, याबद्दल वाद नाही. पण पहिले म्हणजे एकटे नव्हे. ज्या गॅरेजात सगळे तास फक्त आजच्या बिलाला जातात, तिथला हुन्नर मिस्त्रीच्या वयाबरोबर संपतो. ज्या गॅरेजात सगळे तास आवडत्या गाडीला जातात, ते गॅरेजच संपते. ठरलेला वार, वेगळा कोपरा, वेगळी वही, शंभरातले पाच रुपये आणि ऋतूप्रमाणे कामाची वाटणी, एवढ्या पाच शिस्तींवर दोन्ही टिकतात. ज्यांच्या अंगणात किंवा गोठ्यामागे जुनी मॅटाडोर, जीप किंवा हॅन्सिएट उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे: भंगारवाल्याला फोन करण्याआधी जवळच्या एका कसबी मिस्त्रीला आणि एका आयटीआयला विचारा. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आयटीआयच्या प्राचार्यांनी अशी एक गाडी मागून घ्यावी आणि दर वर्षीच्या मुलांनी तिचा एकेक टप्पा पुरा करावा. परिवहन खात्याकडे विंटेज वर्गवारीत व्हॅन, टेम्पो आणि बस घालण्याची मागणी लेखी करावी. आणि गॅरेजवाल्यांनी पुढच्या आठवड्याचा एक अर्धा दिवस आजच ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा.